नळीतला एक तास

४ मार्च
पिल्लांचे सांगाडे रंगून तयार झाले. पक्कं झालेलं हाड लाल, कूर्चा निळी. उंदरांच्या माद्यांचे तीन गट होते. पहिला गरोदरपणात निवांत ठेवलेला, दुसरा रोज तासभर अरुंद नळीत कोंडलेला, तिसराही कोंडलेलाच, पण क आणि ई जीवनसत्त्वं दिलेला. दुसऱ्या गटाच्या पिल्लांच्या छातीच्या हाडात लाल ठिपके कमी. तिसऱ्यात जवळजवळ पहिल्याइतके. गटांच्या चिठ्ठ्या झाकून दोनदा मोजले. उद्या पुन्हा मोजीन. हवं तेच उत्तर आलं की मला धास्ती वाटते.

५ मार्च
आकडे तेच.

६ मार्च
सर खूश. "महिनाअखेर शोधनिबंध पाठवू. आता खुसपट काढू नका."

संध्याकाळी धाकटीचा फोन. तिला सातवा महिना. नवरा आणि दीर घराच्या वाटणीवरून रोज हिच्यासमोर भांडतात. तिच्या डॉक्टरांना विचारून मीच तिला ह्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणून दिल्यात.
"आज दोघं बोलत नाहीयेत, ताई. नुसती दारं आपटतात."
"गोळी घेतलीस ना?"
"घेतली गं. तुझ्या उंदरांचं बरंय, त्यांना दीर नसतात."
हसलो दोघी.

९ मार्च
इथे तरी खरं लिहावं. डिसेंबरात तिने विचारलं होतं, "थोडे दिवस तुझ्याकडे येऊ?" मी म्हटलं, प्रयोग ऐन भरात आहे, नंतर बघू. गोळ्या दिल्या त्या त्यानंतरच्या आठवड्यात.

१२ मार्च
खातरजमेसाठी माद्यांची दुसरी तुकडी चालू आहे. सकाळी सहज प्राणिगृहात डोकावले. नळीचा तास दहा ते अकरा. साडेदहाला काका — पिंजऱ्यांचं सगळं तेच बघतात — तिसऱ्या गटाला बाहेर काढून ड्रॉपरने जीवनसत्त्वं पाजत होते. पाजून झालं की मादी थेट पिंजऱ्यात.
"परत नळीत नाही घालत?"
"एकदा मोकळं केल्यावर परत कोंडायचं होय, बाई? पोटुशी जीव ते. आणि तक्त्यात कुठे लिहिलंय तसं?"
नाही लिहिलेलं. तक्ता माझ्याच अक्षरातला. एकट्या माणसाला सगळ्यांना एकदम पाजणं जमणार नाही म्हणून वेळा मीच पुढेमागे केल्या होत्या — तिसऱ्या गटाला साडेदहा, दुसऱ्याला तुलनेसाठी जीवनसत्त्वांविना नुसतं तेल, ते अकराला.
"पहिल्या तुकडीलाही असंच?"
"रोज."

१३ मार्च
म्हणजे तिसऱ्या गटाने अर्धाच तास सोसला. हाडं जीवनसत्त्वांनी सावरली की लवकर सुटल्यामुळे? माझ्या आकड्यांवरून सांगता येत नाही. काकांचं काही चुकलं नाही. मी तीन-तीनदा ठिपके मोजले, पण पाजण्याच्या वेळी एकदाही तिथे उभी राहिले नाही.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.
"कुणाला कळलं नसतं."
"मला कळलंय ना."
"तेच तुमचं दुखणं आहे." मग म्हणाले, "पहिल्यापासून करा. सगळ्यांना अकरानंतर पाजा."
वर्ष गेलं. तरी जेवण नीट गेलं.

१४ मार्च
धाकटीला फोन केला. म्हटलं, गोळ्यांचं मला खात्रीने काही सांगता येत नाही, डॉक्टरांना पुन्हा विचारू. पण तू आधी इकडे ये. मी घ्यायला येते, बॅग भर.
"डिसेंबरातच भरलीय, ताई."