लाँड्रीच्या माडीवरची मंडळी

मंगळवार, २ सप्टेंबर

बेकरीवाल्याच्या बायकोला आज पुरलं. मी रडले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही — वारा इतका होता की सगळ्यांच्याच डोळ्यांना धार लागली होती.

भाऊजींनी कबरीपाशी उपदेश केला. भाऊजी या परक्या देशातल्या लहानशा मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. ताई, माझी सख्खी थोरली बहीण, माझ्या कानाशी लागून मराठीत सांगत होती. "म्हणतायत, आज दुःखाचा दिवस नाही, आनंदाचा आहे. आपली बहीण प्रभूच्या घरी पोचली." 'आनंद' हा इथला शब्द मला येतो, गाण्यांत दर रविवारी असतो. तो ऐकल्यावर बेकरीवाल्यानं मान वर केली. कुणीतरी पायावर पाय द्यावा तशी.

नंतर हॉलमध्ये चहा. हॉल म्हणजे लाँड्रीच्या वरची माडी. खालच्या वाफेनं फरशी कायम कोमट. लोकांनी बूट काढून पाय शेकले. कप मी विसळले.

हे गेले त्या दिवशीही मी कपच विसळत बसले होते. जाऊबाई ओरडली होती — "अगं, आता तरी सोड ते!" मी म्हटलं, दोनच राहिलेत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

हॉलचं दार उघडलं, जिना झाडला. खुर्च्या लावल्या. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर इस्त्री केली. ताई सांगते, खालचा लाँड्रीवाला हसतो — माझ्या डोक्यावर हॉल तुमचा आणि इस्त्री घरी करता! ताई म्हणते, ते काम आपल्याच हातचं हवं. हात माझे.

ताईनं फोनवर म्हटलं होतं, "ये इकडे. देवाच्या कामात मन रमेल." मी आले. सामान सगळं नीट पोचलं.

रविवार, ७ सप्टेंबर

बेकरीवाला आला नाही. प्रभुभोजनाची भाकर पाठवली, धाकट्या सुनेबरोबर. भाकर नेहमीसारखीच. सुना आपसांत कुजबुजत होत्या. दोन्ही मुलगे हात बांधून शेवटच्या ओळीत. गाण्याला तोंड उघडलं नाही.

ताई घरी येताना म्हणाली, "तो गेला की त्याचा सगळा गोतावळा जाणार. मग राहिलं कोण? आपण, नर्सबाई, टॅक्सीवाला आणि ती बहिरी आजी!"

खरं आहे. निम्मी मंडळी त्या एका घरातली.

भाऊजी जेवताना काहीच बोलले नाहीत. ते घरी बोलत नाहीतच. मला ते बरं वाटतं. उत्तरं द्यावी लागत नाहीत.

सोमवार, ८ सप्टेंबर

भाऊजी हॉलमध्ये खुर्च्या रचताना म्हणाले, "तुम्ही जाऊन या त्याच्याकडे. तुम्हीही त्यातून गेला आहात."

गेले आहे? मला तर अजून आत शिरल्यासारखंही वाटत नाही. पण हो म्हटलं. हो म्हणणं सोपं पडतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी बेकरीत गेले. दुकान बंद, मागचं दार उघडं. म्हातारा पीठ मळत होता. मला बघून म्हणाला, "मावशी." वयानं माझ्या बापाच्या जवळपास! पण ताईची लेक चिमणी मला मावशी म्हणते, म्हणून अख्ख्या मंडळीची मी मावशी. लाँड्रीवाल्याचीसुद्धा.

इथली भाषा मला येते ती 'बसा', 'गरम', 'किती', 'धन्यवाद' एवढीच. तेवढ्यात सांत्वन कसं करतात? म्हटलं, "बसू?" तो म्हणाला, "बस." मी स्टुलावर बसले. तो गोळे करत होता, तराजूत टाकत होता, चिमूटभर काढत होता. बायकोचा झगा खुंटीवर तसाच. त्यानं तिकडे पाहिलं नाही, मीही नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं कणकेचा गोळा माझ्यापुढे सरकवला. मी पोळीसारखा मळला. तो नाक मुरडून म्हणाला काहीतरी — बहुतेक, "हे काय!" आणि माझा गोळा वेगळ्या पत्र्यावर ठेवला. आजाऱ्याला वेगळा ठेवतात तसा.

भाऊजींना सांगितलं, "बरा आहे तो."
"येतो म्हणाला?"
"विचारलं नाही."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं वाटलं असणार.

गुरुवार, ११ सप्टेंबर

परत गेले. कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

गोळे. माझे अजूनही वेगळ्या पत्र्यावर.

रविवार, १४ सप्टेंबर

आज एकच मुलगा आला. थोरला आणि त्याची बायको नाहीत. भाऊजींचा आवाज मात्र खणखणीत, भरल्या हॉलपुढे बोलावं तसा. बहिरी आजी पहिल्या ओळीत मान डोलावत होती. तिला काय, ती पंखा लावला तरी डोलते.

उपासनेनंतर भाऊजी म्हणाले, "पुढच्या खेपेला तुम्ही साक्ष द्या. प्रभूनं तुम्हाला दुःखातून कसं बाहेर काढलं ते सांगा. मुलगा घरी जाऊन बापाला सांगेल. त्याला धीर येईल."

म्हटलं, "मला इथली भाषा येत नाही."
"ताई भाषांतर करेल."
"मला सांगता येणार नाही."
"सगळ्यांना पहिल्यांदा तसंच वाटतं."

बुधवार, १७ सप्टेंबर

साक्ष तयार करायला बसले. आधी काय घडलं ते. हे ऑफिसच्या जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. साहेबांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. भाजी निवडून झाली आणि मग निघाले. इथवर जमलं.

मग प्रभूनं काय केलं ते. तिथे अडले. तसं सांगायला शंभर गोष्टी आहेत. लहानपणापासून ऐकलेल्या साक्षी तोंडपाठ आहेत मला — अंधार होता, हात आला, उजेड झाला. मंडळी 'आमेन' कुठे म्हणणार तेही ठाऊक आहे.

चिमणी अभ्यास सोडून बघत होती. "मावशी, तू काय विचार करतेस?" म्हटलं, "काही नाही." खरंच सांगितलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

ताईला म्हटलं, "मी नाही देत साक्ष."
ताई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "दे गं. दोन वाक्यं बोल. बाकीचं मी सावरून घेईन."
"खोटं बोलू?"
ती थांबली. चिमटा तोंडात. मग म्हणाली, "तुला जे बोलायचं ते बोल. मी तेच सांगेन."

रविवार, २१ सप्टेंबर

हे लिहून ठेवायलाच हवं.

बेकरीवाला आला. मावशी बोलणार म्हणून सुनेनं आणला असेल. दाराजवळ उभा राहिला, टोपी हातात, अंगावर पीठ तसंच. बसायला तयार नाही. मुलगे, सुना सगळे होते. भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी मला पुढे बोलावलं. ताई शेजारी येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "माझे यजमान मागच्या वर्षी गेले."
ताईनं सांगितलं. नर्सबाईनं च् च् केलं.
"सगळे म्हणतात देव धीर देतो. मला काहीच वाटत नाही. दुःख नाही, आनंद नाही. मी प्रार्थना करते ती भांडी घासल्यासारखी. वर्ष झालं."

एवढंच बोलले. हॉलमध्ये कुणी हललं नाही. लाँड्रीतलं मशीन खाली घुमत होतं तेवढंच. मला वाटलं, आता ताई सावरून घेणार, प्रभूचा हात आणि उजेड घालणार.

ती बोलू लागली. माझ्याकडे न बघता. आणि बोलतच राहिली! मी चार-पाच वाक्यं बोलले, ती दहा-बारा बोलली. मध्येच तिचा आवाज फाटला. भाऊजी मेजाच्या पलीकडे उभे होते, त्यांनी मेजाची कड धरली. मी इतकं बोललेच नव्हते. ही कुणाचं भाषांतर करतेय?

ती थांबली. भाऊजींनी गाण्याचा आकडा सांगितला, पण गाणं सुरू करायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. ते खुर्चीवर बसले. तसेच बसून राहिले. सगळे एकमेकांकडे बघतायत.

मग दारातून म्हाताऱ्यानं गाणं धरलं. अतिशय बेसूर. धाकट्या सुनेनं त्याला सुरात ओढायचा प्रयत्न केला, त्यानं ऐकलं नाही. सगळे त्याच्या बेसुरात गायले.

घरी येताना चिमणीला विचारलं, "आई काय म्हणाली गं?"
"तू म्हणालीस ते म्हणाली. मग म्हणाली की आमच्या घरीपण असंच आहे. बाबा घरी बोलत नाहीत आणि बाबांना पण काहीच वाटत नाही. आणि ते कुणाला सांगायचं आईला कळत नाही." मग चिमणी म्हणाली, "मावशी, हे सगळ्यांना सांगायचं असतं का?"

सोमवार, २२ सप्टेंबर

भाऊजी उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ताप नाही.

ताई आणि मी स्वयंपाकघरात. ती ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा.

म्हणाली, "तुला वाटलं, तुझ्यासाठी बोलावलं?"
"मग?"
"त्यांच्यासाठी. किती दिवस झाले, मला आता आठवतही नाही. जेवतात, चिमणीची गणितं घेतात, रविवारी उभे राहून घसा फोडतात. बाकी भिंत. मला वाटलं, तू येशील. तुझं तर सगळंच गेलंय. तुझ्यापुढे तरी मोकळे होतील. आणि तू आलीस ती ही अशी! एक भिंत होती, दोन झाल्या!"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. आणि ती फिसकन हसली. मग मीही. लहानपणी प्रार्थनेत हसू यायचं, आई चिमटा काढायची, तसं. हसता हसता ती ओट्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. पण हात काढला नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

भाऊजी आज हॉलमध्ये आले. मी खुर्च्या पुसत होते. त्यांनी दुसरं फडकं घेतलं. अर्ध्या खुर्च्या झाल्यावर म्हणाले, "उपदेश लिहायला बसतो तेव्हा हात चालतो. वाचतो तेव्हा आवाज चालतो. मला वाटायचं, चालतंय ना, मग झालं."

"माझंही चालतंच होतं."

"आणि त्या कबरीवर मी आनंदाचा दिवस म्हणालो." फडकं पिळत राहिले, कोरडं फडकं. "तो काय म्हणाला असेल मनात?"

"विचारा की त्याला. सकाळी असतो दुकानात."

गुरुवार, २५ सप्टेंबर

भाऊजी आले बेकरीत, माझ्याबरोबर. दोघे इथल्या भाषेत बोलले. मला कळलं नाही, मी गोळे करत होते. एकदा म्हाताऱ्याचा आवाज चढला, त्यानं लाटण्यासारखं काहीतरी मेजावर आपटलं. भाऊजी मान खाली घालून उभे. मग म्हाताऱ्यानं त्यांच्यापुढेही कणीक सरकवली.

भाऊजींचे गोळे माझ्याहून वाईट!

रविवार, २८ सप्टेंबर

उपदेश नाही. भाऊजींनी नुसता शास्त्रपाठ वाचला आणि म्हणाले, "आज मला यापुढे काही म्हणायचं नाही." येऊन चिमणीशेजारी बसले. नर्सबाईला राग आला असावा, ती चहाला थांबली नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

ठरलं. ताईनं भाऊजींना इथे पाठवणाऱ्या मायदेशातल्या संस्थेला फोन केला, सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, परत या, विश्रांती घ्या, डॉक्टरला दाखवा. दुसरा पाळक मिळाला तर पाठवू. मिळाला तर.

महिनाअखेरीस निघायचं. माझं तिकीटही त्यांच्याबरोबर काढणार. मी बरं म्हटलं.

ताई भाऊजींना विचारत होती, "ही भांडी न्यायची का?" भाऊजी म्हणाले, "तो मोठा टोप राहू दे. मंडळीला लागेल." त्यांच्यात असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. टोपावरून का होईना.

रविवार, ५ ऑक्टोबर

भाऊजींनी मंडळीला सांगितलं. बहिऱ्या आजीला तिघांनी मिळून ओरडून सांगितलं. मग ती रडली. टॅक्सीवाला म्हणाला, विमानतळावर मी सोडणार, पैशाचं नाव काढायचं नाही. बेकरीवाल्याच्या मुलांनी खुर्च्या आवरल्या. म्हाताऱ्यानं भाकरीचा उरलेला तुकडा रुमालात बांधून घेतला आणि जिना उतरला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बॅगेचं चाक तुटलंय. लाँड्रीवाल्यानं दोरीनं बांधून दिलं. फार दिवस टिकणार नाही, असं खुणेनं सांगितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

उपासनेनंतर मंडळी घरी गेलीच नाही. सगळे तिथेच बसून. थोरल्या मुलानं उभं राहून भाऊजींना काही सांगितलं. भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. ताई म्हणाली, "ते म्हणतायत, नवीन पाळकासाठी ताटकळत बसणार नाही. ही इथं राहू दे, मंडळी सांभाळायला. ही म्हणजे तू."

मी म्हटलं, "यांना सांग, मला अजूनही काही वाटत नाही. उपदेश येत नाही. भाषासुद्धा येत नाही."

या वेळी ताईनं जेवढं मी बोलले तेवढंच सांगितलं.

बेकरीवाला म्हणाला, "ठाऊक आहे. पुढच्या रविवारी दार उघडायला येशील ना?"

हे मला भाषांतराशिवाय कळलं.

येईन म्हटलं. त्यांच्या भाषेत. आणि खाली बसले, कारण रडू येत होतं — मोठ्यानं, लहान पोरीसारखं, सगळ्यांसमोर — आणि ते थांबेना.