विक्रमी वर्ष आणि आमचे चार रोल

आदरणीय भावोजींस,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना मानतो का ते कळवावं. ताईचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल असं धरून चालतो. नसेल तर हे पत्र तिच्यासमोर उघडू नका, आणि असेल तरीही उघडू नका. इकडे सगळे ठणठणीत. हिची पाठ अधूनमधून बोलते, पण ही स्वतः जितकी बोलते त्या मानाने काहीच नाही.

लग्नाला परवा नऊ आठवडे झाले (काटेकोर सांगायचं तर आज नऊ आठवडे आणि दोन दिवस). एवढ्यात फोटोंसाठी तुमचे तीन निरोप आले आणि ताईचे अकरा. शेवटच्या निरोपात तिने "फोटो काढलेस की पिकत घातलेस" असं विचारलंय. तिचंही बरोबर आहे. पोरीच्या लग्नाचा एकही फोटो आईच्या हातात नाही म्हटल्यावर जीभ चालणारच. तर फोटोंचं लिहितोच. पण मला क्रमाने सांगू द्या, कारण गेल्या शनिवारपासून मला आकाश ठेंगणं झालंय. भावोजी, मला कंपनीने बोलावलं होतं. छापील कार्ड पाठवून, माझं नाव शाईने लिहून, आणि नावात एकही चूक न करता.

कंपनी कुठली ते लिहीत नाही; ज्यांना कळतं त्यांना सांगावं लागत नाही आणि ज्यांना कळत नाही ते किंमत ऐकून उठून जातात. (तुम्ही उठला नव्हतात, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही फक्त पाणी मागितलंत.) तर या कंपनीला हे वर्ष विक्रमी गेलं. सलग चौथं. फोन आले, आता कॅमेरा कोण घेतो, असं जो तो म्हणत होता. आणि या लोकांनी काय करावं, तर दर मॉडेलमधून एकेक गोष्ट काढून टाकावी. आपोआप फोकस होणं त्यांनी कधी घातलंच नव्हतं. मग काढलेला फोटो दाखवणारा मागचा पडदा काढला. माझ्या मॉडेलात तर रोल घालावा लागतो, आणि उजेड मोजायचं यंत्रही आत नाही, ते वेगळं घेऊन गळ्यात वेगळं अडकवायचं. जेवढं कमी केलं तेवढी किंमत वाढवली आणि गिऱ्हाईक रांगेत उभं, नव्या मॉडेलसाठी आठ महिन्यांची रांग. मी सव्वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काट्यातली एक स्प्रिंग काढून घेऊन मी जास्त पैसे मागितले तर दुकानदार मला त्याच काट्यावर घालून विकेल. धंदा करावा तर असा.

मी हा कॅमेरा कुणापाशी बसून शिकलो नाही, हे तुम्ही जाणताच. माहितीपुस्तकाची एकशे चौसष्ट पानं तीनदा वाचली, तिसऱ्यांदा त्यातल्या दोन चुका काढल्या. मग माझी स्वतःची अकरा कलमांची यादी केली आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली: रोल ताणून बसला का, उजेड मोजला का, अंतर टेपने मोजलं का, वगैरे. लग्नात मी नवरीच्या नाकापासून टेप धरला तेव्हा तुमच्या व्याह्यांना वाटलं मी पडद्याचं माप घेतोय. वाटो बापड्यांना. दारात टोपली ठेवून मी सगळ्यांचे फोन त्यात घालायला लावले, तेही तुमच्या लक्षात असेल. त्या फोनांच्या दिव्यांनी माझा मोजलेला उजेड बिघडला असता. नवरदेवाच्या आत्याबाई तेवढ्या पदराआडून फोन काढत होत्या. त्यांना मी दोनदा खाली बसवलं आणि तिसऱ्यांदा म्हणालो, "बाई, इथे एक माणूस काम करतोय." त्या म्हणाल्या, "कुठाय?" मी उत्तर दिलं नाही. चार रोल काढले. एका रोलात छत्तीस चौकटी, म्हणजे एकशे चव्वेचाळीस.

त्याच आठवड्यात कंपनीचं आवाहन वाचलं: विक्रमी वर्षाच्या समारंभासाठी वापरकर्त्यांनी आपले अनुभव पाठवावेत. मी नऊ पानं पाठवली (दोन्ही बाजूंनी). त्यांचं बोलावणं आलं, दहा मिनिटं बोलायला. आणि बोलावणं आलं त्याच दिवशी रोल धुऊन आले.

भावोजी, आता जरा बसून वाचा. रोल कोरे होते. चारही. खिडकीशी धरले तर पलीकडची इमारत त्यातून स्वच्छ दिसत होती, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. मी तसाच रोल धुणाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या सात पिढ्यांना औषधात बुडवून काढलं. तो माणूस शांत. त्याने पट्टीच्या कडेला बोट ठेवलं. "साहेब, हे एक ते छत्तीस आकडे उमटलेत ना? म्हणजे धुलाई बरोबर आहे. आत उजेडच गेलेला नाही." आता मी असल्या बाबतीत न्यायी माणूस आहे. आकडे उमटले होते. म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या शटरचा. म्हणजे कंपनीचा. आणि कंपनीने तर मला कौतुकाने बोलावलेलं. तेव्हा कोटाच्या एका खिशात भाषण आणि दुसऱ्या खिशात तक्रार असा मी शनिवारी निघालो. पोरीच्या लग्नाचा दिवस काही दुरुस्तीला टाकता येत नाही.

त्यांचं दुकान म्हणजे काय सांगू. काऊंटरवर एका वेळी एकच कॅमेरा, तोही मखमलीवर, आणि दाखवणारा माणूस पांढरे हातमोजे घालून. वर दिवाणखान्यासारखी खोली. तिथे आम्ही तीसेक वापरकर्ते आणि कंपनीचे मोठे साहेब. साहेबांनी विक्रीचा आलेख दाखवला. आलेख असा वर गेला होता की शेवटचं टोक पडद्याबाहेर भिंतीवर पडलं होतं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, पण दुसऱ्या खिशाला हात लागू न देता. मग एकेकाचे अनुभव. एका दंतवैद्याने सांगितलं की त्याने कॅमेरा काचेच्या कपाटात ठेवलाय, आत दमटपणा मोजायचं यंत्र आहे, आणि सहा वर्षांत रोल घातलेला नाही, कारण घालताना ओरखडा पडू शकतो. "पण हातात घेतलं की जो आनंद होतो," तो म्हणाला, आणि रिकाम्या हातांनीच कॅमेरा धरून दाखवला. एका निवृत्त वैमानिकाकडे तीन आहेत आणि तिन्ही बायकोला एकच वाटतात. फक्त एका बेकरीवाल्या बाईंचा कॅमेरा ठेचाळलेला, फटीत पीठ गेलेला. त्या रोज पहाटे भट्टीवरच्या माणसांचे फोटो काढतात. त्यांनी चार फोटो दाखवले आणि भावोजी, मी मत्सरी माणूस नाही, पण मला क्षणभर माझी अकरा कलमं आठवेनात.

मग माझी पाळी. भाषणाचा खिसा समजून मी हात घातला आणि निघाली तक्रार. म्हटलं, असू दे, सत्य ते सत्य. मोठ्या साहेबांच्या देखत मी चारही पट्ट्या उंच धरल्या आणि सगळी हकिकत सांगितली. कंपनीचे मेकॅनिक पुढे आले, कॅमेरा घेऊन आत गेले, सात मिनिटांनी परत आले. शटर चोख, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मी म्हटलं, अशक्य. मी प्रत्येक चौकटीची नोंद ठेवतो: वेळ, उजेड, अंतर आणि समोर कोण काय करतंय ते. वही माझ्यापाशी होतीच. साहेब म्हणाले, वाचून दाखवा, म्हणजे कुठे बिघडलं ते कळेल.

मी वाचायला लागलो. "चौकट सहा: नवरी प्रवेश करताना, अडीच मीटर, उजेड उत्तम. चौकट एकोणीस: नवरदेव माझ्याकडे बोट दाखवताना, हसरा. चौकट एकतीस: नवरदेव पुन्हा माझ्याकडे बोट दाखवताना, कमी हसरा. चौकट चव्वेचाळीस: आत्याबाई स्वतःचा डोळा हाताने झाकून मला काहीतरी खुणावताना. बाई विक्षिप्त दिसतात. चौकट अठ्ठावन्न: भावोजी हवेत बाटलीचं बूच उघडल्यासारखे हातवारे करताना. बहुधा सरबत घ्या म्हणताहेत." इथे मागच्या रांगेत कुणाला तरी खोकला आला. "चौकट एकसष्ट: भावोजी तेच करताना, दोन्ही हातांनी. तहान नाही अशी मान हलवली."

बेकरीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "भिंगावरचं टोपण काढलं होतंत ना?"

भावोजी, या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर गोधडी पांघरा, खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. ही त्याची खुबीच आहे, नऊ पानांत मी तिच्यावर दीड पान लिहिलं होतं. आणि अकरा कलमांत टोपण नव्हतं. सदरा घालून बाहेर पडावं असं कुणी यादीत लिहितं का? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात वैमानिक उठले. म्हणाले, "माझंही असंच, भाऊ परदेशातून आला तेव्हा. दोन रोल." मग एक वकील उठले: "मुलाचा पदवीदान समारंभ." एकामागून एक अकरा माणसं उठली. बेकरीवाल्या बाईंनीही हात वर केला. मेकॅनिक म्हणाले की दर महिन्याला अशा चार-पाच तक्रारी येतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक आधी रोल धुणाऱ्याशी भांडून आलेलं असतं. दंतवैद्य एकटे बसून राहिले. इतका एकाकी चेहरा करून बसलेला माणूस मी पाहिला नव्हता.

मग सगळे म्हणाले, वही पुढे वाचा. मी सगळ्या एकशे चव्वेचाळीस वाचल्या. दहा मिनिटांची पन्नास झाली, कुणी उठलं नाही. शेवटची अशी होती: "पोरीची गाडी फाटकाबाहेर गेली. ताई रडत नाहीये, पाहुण्यांचे डबे मोजतेय, तिसऱ्यांदा. भावोजी खांबामागे, चष्मा हातात. तीन मीटर. जवळ गेलो नाही." वाचून झाल्यावर मोठ्या साहेबांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, आमच्या विक्रमी वर्षात आमच्या कॅमेऱ्याने काढलेलं इतकं स्पष्ट चित्र मी पाहिलं नाही. भावोजी, काढलेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी लक्षात आणून दिलं नाही. टाळ्या किती वाजल्या ते मोजायचं राहिलं, एवढीच रुखरुख.

तर असा सगळा आनंदीआनंद. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, ताईला, योग्य वेळ पाहून, नमस्कार.

तुमचा, कायम तुमच्या शब्दात असलेला,
मेहुणा

ता. क. आत्याबाईंचा फोन शेवटपर्यंत टोपलीत गेलेला नव्हता. म्हणजे लग्नाचे जगात कुठे फोटो असतील तर त्यांच्या पदराआड. ते तुम्ही मागून घ्यावेत. माझ्यासाठी म्हणून नका सांगू. व्याह्यांची आठवण येते म्हणून सांगा. त्या "तो काम करणारा माणूस कुठाय" असं विचारतील, तेव्हा तुम्हीही उत्तर देऊ नका.

आणखी ता. क. ताईला हे सगळं तुम्हीच सांगायचं आहे. बूच उघडण्याची खूण दोनदा करून तुम्ही जेवायला निघून गेलात आणि तिसऱ्यांदा आला नाहीत, हे वहीत तारीखवेळेसह आहे. वही मी सध्या कुणाला दाखवत नाही. सोबत तिची स्वच्छ नक्कल पाठवतोय, त्यातून चौकट अठ्ठावन्न आणि एकसष्ट गाळल्या आहेत. आत्याबाईंचे फोटो धूसर निघाले तर ताईला संध्याकाळी एकेक पान वाचून दाखवा. चष्मा लावूनच वाचा.

अगदी शेवटचं. नव्या मॉडेलसाठी मी शनिवारीच नाव नोंदवलं. तुमच्या धाकटीच्या लग्नाचे फोटो मामाच काढणार, हे ताईकडून आधी कबूल करून घ्या, आणि मगच तिला थोरलीच्या फोटोंचं सांगा. क्रम बदलू नका.