नागासाठी चंद्रकळा

१४ जानेवारी १९५८, संक्रांत

मोराला पदक! मोर काय, कुणीही काढील. तो आपणहून उभा राहतो, पिसारा फुलवतो आणि फोटो झाला का म्हणून वाटही बघतो. क्लबाच्या प्रदर्शनात जगदीशच्या मोराला रौप्यपदक, माझ्या चौपाटीवरच्या सूर्यास्ताला उत्तेजनार्थ. हा जगदीश ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर, क्लबात शेजारच्या खुर्चीवर, आणि आता हेडक्लार्कच्या जागेसाठीही माझ्या शेजारीच. मोराची कॉपी चौकटीत घालून त्याने साहेबांना भेट दिली आहे.

यंदा मी नाग काढणार. राणीच्या बागेतला, काचेमागचा, फणा उभारलेला. स्पर्धा मार्चात.

सुमतीने नवी चंद्रकळा नेसून तिळगूळ दिला. काळं तिला खुलतं. फोटो काढायचा राहिला, उजेड गेला.

२० जानेवारी

काल बागेत जाऊन बारा फोटो काढले. आज धुतले. बाराही फोटोंत मीच! काचेत मी, माझी टोपी, मागचं झाड, झाडाखाली भेळ खाणारं एक कुटुंब. नाग कुठे आहे हे मला ठाऊक असल्याने मला तेवढा दिसतो. अप्पांनी कॉपी चष्म्याला लावून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "श्यामकांत, तू सुटलायस." वडिलांपुढे काय बोलणार.

२२ जानेवारी

उपाय सापडला. फोटो काढणाऱ्याने काळे कपडे घालायचे आणि त्याच्या मागे कुणीतरी मोठं काळं कापड ताणून धरायचं. मग काचेत काही उमटत नाही, नुसता साप. मला अप्पांचा जुना काळा कोट होईल. कापड म्हणून सुमतीची चंद्रकळा — मागायचं धाडस होत नव्हतं.

ती म्हणाली, "देईन. पण धरणार मी. तुमच्या ऑफिसातल्या शिपायाच्या हातात द्यायची नाही."

नवल वाटलं. दूधवाल्याशीसुद्धा आवाज न चढवणारी बाई, चारचौघांत लुगडं ताणून उभी राहणार!

२७ जानेवारी

ऑफिसात परिपत्रक फिरलं. मोर्चे, सभा, काळे झेंडे — सरकारी नोकराने या सगळ्यापासून दूर राहावं. मी दूरच आहे. संयुक्त महाराष्ट्र व्हायचा तेव्हा होईल, हेडक्लार्कची जागा आत्ता रिकामी आहे. वाडीतले लोक मला सरकारी गोगलगाय म्हणतात. म्हणोत बापडे. छप्पन साली खाली गोळीबार झाला तेव्हा मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, म्हणून आज घरातले सगळे धड आहेत.

हे सुमतीला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"काचेतून दिसत होतं सगळं," म्हणाली.

बायकांचं मन हळवं. मी विषय बदलला.

२ फेब्रुवारी

कोट घातला, रोल भरला. सुमतीचं डोकं दुखतंय. "पुढच्या रविवारी जाऊ. सकाळी दहाला." मी म्हटलं, उजेड दुपारी बरा. "दहाला," म्हणाली. डोकं दुखत असताना वाद नको.

९ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू!

बागेत फुलांचं प्रदर्शन होतं. फाटकाला कमान, जागोजागी पोलीस. मला त्याचं काय? सापांच्या काचेपुढे वाकून उभा राहिलो. माझ्या कॅमेऱ्यात वरून खाली डोकावावं लागतं, समोर काय चाललंय ते दिसत नाही, मागचं तर नाहीच. सुमतीने पाठीमागे चंद्रकळा ताणली आणि काच जणू कुणी काढूनच नेली. नाग खवल्याखवल्यासकट समोर. फक्त गाढ झोपलेला.

"तो आता उठाचो नाय, साहेब," पिंजरे झाडणारा गणपत म्हणाला. "काल उंदीर खाल्ल्यान."

अकरा फोटो झोपलेल्या नागाचे. बाराव्याला थांबलो. मागे मोटारी थांबल्या, गलका झाला, कोण ओरडत होतं देव जाणे. आणि एकाएकी नागाने फणा काढला! मी कळ दाबली आणि त्याच क्षणी खांद्यावर दाणकन हात पडला. फोकस फिरला तो फिरलाच.

वळून पाहतो तो हवालदार. त्याच्या पलीकडे, प्रदर्शन उघडायला आलेले मंत्री तोंड फिरवून चाललेले.

"काळा झेंडा दाखवता?"

"अहो, हे लुगडं आहे."

"लुगडं अंगावर असतं."

सुमती चंद्रकळेची घडी घालत होती, निऱ्या जुळवून, घरात घालावी तशी.

दिवसभर दोघंही चौकीत. संध्याकाळी सोडलं. कॅमेरा परत मिळाला, चंद्रकळा पुरावा म्हणून ठेवून घेतली. वाडीत शिरलो तर हार! ज्या नलूताई मला गोगलगाय म्हणायच्या, त्यांनीच ओवाळलं. चार शब्द बोला म्हणाले. मी खरं तेच सांगितलं — मी फक्त सापाचा फोटो काढत होतो. लोक हसून हसून लोळले. टाळ्या थांबेनात. जन्मात पहिल्यांदा माझ्या भाषणाला टाळ्या, आणि त्याही नको त्या वेळी.

१० फेब्रुवारी

जगदीशने आपणहून चहा पाजला. सोबत खारी. माझं काही खरं नाही.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. नाहीतर जागा जाईलच, कदाचित नोकरीही. वर म्हणाले, "पोलीस म्हणतात बाईंनी घोषणा दिली. तुम्ही सज्जन माणूस. बायकोने परस्पर केलं, मला ठाऊक नव्हतं, मी निषेध करतो, असं लिहून द्या. मी बघतो पुढचं."

सुमतीने घोषणा? पोलिसांनी काहीही लिहावं! मी म्हटलं, साहेब, रोल धुऊन पुरावाच आणतो. चक्क नाग दाखवतो तुम्हाला.

१५ फेब्रुवारी

न्हाणीघरात रोल धुतला. अकरा फोटो सुरेख, नाग झोपलेला.

बाराव्यात नाग नाही. म्हणजे आहे, पण धुक्यासारखा. काचेत सुमती आहे. चंद्रकळा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेली, टाचा उचललेल्या, तोंड उघडं. कापड खाली असतं तर ती उमटलीच नसती. आणि फोकस इतका स्वच्छ की कपाळावरचं कुंकू मोजून घ्यावं.

दहा वर्षांत तिचा इतका चांगला फोटो मी काढलेला नाही.

कॉपी तिच्यापुढे ठेवली. हात पुसून तिने ती उचलली.

"नागाचा फणा गेला का हो?" म्हणाली. "वाईट वाटलं."

"तुला ठाऊक होतं मंत्री येणार ते?"

"पेपरात होतं. तुम्ही फक्त क्लबाच्या बातम्या वाचता."

"मला सांगायचंस."

"तुम्ही खिडक्या लावून घेतल्या असत्यात."

खूप राग आला. कुणाचा ते अजून ठरत नाही. साहेबांनी सांगितलेलं वाक्य शब्दन् शब्द खरं आहे. मला ठाऊक नव्हतं. लिहून दिलं की सुटलो.

१६ फेब्रुवारी

खुलासा लिहिला. बरीच हिंमत केली. 'झेंडा माझा, घोषणा माझी. पत्नीने माझ्या सांगण्यावरून फक्त कापड धरले.' सुमतीला वाचून दाखवला. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"वा!" म्हणाली. "घसा माझा बसला आणि घोषणा तुमची?"

अप्पा खोकल्याचं निमित्त करून हसले.

१७ फेब्रुवारी

खुलासा दिला. साहेबांनी दोनदा वाचला, मग भिंतीवरच्या जगदीशच्या मोराकडे पाहत बसले. तीन वाक्यं होती. 'ते कापड नव्हतं. झेंडा होता. आम्हा दोघांचा.'