इनासचा चेंडू मी धरला होता

मी, कान्हू गोमा मोकल, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी गणपतीचे डोळे आखणे व नंतर पडेल ते काम, राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टर गावंड यांनी खात्री करण्यासाठी मला आजचा वार, पंतप्रधानांचे नाव आणि माझ्या मुलाचे नाव विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी आनंदाने दिली. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मला कोणाची भीडही नाही; भीड असती तर पुढचा मजकूर लिहिलाच नसता. अक्षर वाकडे आहे, कारण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत. ती वाकडी कशी झाली यावरच हे सगळे मृत्युपत्र उभे आहे.

१. राहते घर, पडवी आणि मागचा माड मुलगा जगन याला. त्याला घर देतो कारण ते कायद्याने आणि लाजेने द्यावेच लागते. पण माझ्या प्रेताला अग्नी त्याने द्यायचा नाही. तो अधिकार माझी मुलगी शकू हिचा. जगन धाटावला कंपनीत आहे आणि कंपनीच्या बसमध्ये तो काय सांगतो ते मला रोह्याच्या जावयाकडून कळले: "माझा बाप गोलात उभा व्हता आनि इनासने पाय वर, डोकं खाली करून गोल मारला. आसा गोल कुनी बगला नाय." जगनचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. बापाच्या हरण्यावर ज्याला बसमध्ये खिडकीची जागा मिळते, त्याने बापाला पेटवण्याचे कष्ट घेऊ नयेत. त्या दिवशी त्याने शिफ्टला जावे. रजा वाचेल.

२. गावाबाहेर रस्त्याला लागून असलेले माझे भातशेत, ज्याला हल्ली सगळे मैदान म्हणतात. ते कोणाला द्यायचे हे कलम ६ मध्ये आहे. आधी त्याची हकिगत लिहितो, कारण शकूच्या मुलांना ती गावाकडून कळली तर उलटी कळेल.

इनास हा मुंबईचा फुटबॉलपटू. मूळचा गोव्याचा. रेडिओवर त्याचे नाव आले की पेणच्या हॉटेलात चहा ओतणारा हात मध्येच थांबायचा. ज्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता तेही त्याच्यासारखे केस मागे वळवायचे. १९७२ साली, जिल्हा अजून कुलाबाच होता, जानेवारीत तो मित्राच्या लग्नासाठी रोह्याला आला. आमच्या संघाचा कप्तान पोपट रोह्याला जाऊन मांडवात बसला आणि उठेचना. शेवटी इनास म्हणाला, परतताना अर्धा तास खेळतो.

भात कापून झाले होते. आम्ही माझ्या बापाच्या या शेतातली धसकटे कुदळीने सपाट केली. चुना आणायला वेळ नव्हता, म्हणून मूर्तींची शाडूची माती पाण्यात कालवून रेषा मारल्या. गोलचे जाळे नव्हते, ते खाडीकडच्या एका कोळ्याचे मासे धरायचे जाळे आणले. त्याला सुकटीचा वास होता आणि इनास ते बघून खूप हसला. तो हसला एवढ्यावरच लोक निम्मे वेडे झाले. आजूबाजूच्या गावांतून इतकी माणसे आली होती की कडेची रेषा पायांखाली पुसून गेली.

खेळाआधी पोपटने आम्हाला बाजूला घेतले. "इनासला एक गोल होऊ द्या. पावना हाय. रिकामा धाडायचा नाय." सगळे व्हय म्हणाले. मी गप्प राहिलो. गप्प म्हणजे होकार असे आमच्याकडे धरतात. माझ्या बाबतीत ते चुकले.

शेवटी शेवटी इनास सुटला. त्याच्यापुढे कोणी नव्हते, फक्त मी. त्याने डाव्या पायाने मारले. मी उजवीकडे झेपावलो, चेंडू बोटांवर आला, बोटे मोडली ती मला ऐकू आली, आणि तरी चेंडू छातीशी धरून मी रेषेवर पडलो. रेषेच्या आत नव्हे, रेषेवर. चेंडू सगळाच्या सगळा पलीकडे गेल्याशिवाय गोल होत नाही, हा नियम जगाला आहे, तो जोह्यालाही असायला हरकत नव्हती. पण खांबापाशी निशाण घेऊन माझा मेहुणा जनू उभा होता आणि त्याने निशाण वर केले. मग जी आरोळी उठली ती हमरापूरपर्यंत ऐकू गेली म्हणतात.

लोक नाचत आत घुसले. त्यांच्याआधी इनास माझ्यापाशी पोचला होता. त्याने वाकून माझी बोटे बघितली आणि त्याच्या कोंकणीत म्हणाला, "बरो धरलो रे." चांगला धरलास. एवढेच. पुढच्या क्षणी लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. ते तीन शब्द माझ्याशिवाय कोणी ऐकले नाहीत आणि इनास पुढे काही वर्षांत वारला.

रोह्याच्या हाडवैद्याने बोटे बांधली, ती अशी जुळली. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात वरचे काम डोळ्यांच्या आखणीचे. साच्यात मूर्ती कोणीही भरतो, रंग कोणीही देतो, पण डोळा आखणारा दाराशी उजेडात बसतो आणि त्याचा हात चालू असताना कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या जागेवर मी विसाव्या वर्षी बसलो आणि चोविसाव्या वर्षी उठलो. त्यानंतर मी माती मळली, मूर्ती टेम्पोत चढवल्या, दुसऱ्यांचे साचे धुतले.

शेत मात्र मी पुन्हा कधी नांगरले नाही. बाप ओरडला, बायको रडली. ज्या रेषेवर मी चेंडू धरला तिच्यावर नांगर घालायची माझी छाती झाली नाही. गावाला वाटते मी मैदान त्यांच्यासाठी सोडले. गावाला बरेच काही वाटते.

३. माझे आखणीचे कुंचले पोपटला. माझी दाराशी असलेली जागा त्याला मिळाली, तेव्हा ते त्याने मागितले होते आणि मी दिले नव्हते. आता घ्यावेत. त्यांचे केस झडले आहेत, त्याचेही झडले आहेत, दोघांचे जमेल.

याच पोपटने गावच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात इनासचा पुतळा बसवला. जोह्यात घडवलेला. इनासचे डोळे बारीक होते आणि एक जरा तिरळा होता. पण जोह्याच्या हाताला एकच डोळा येतो, लांब, पाणीदार, भुवईपर्यंत गेलेला. पोपटने पुतळ्याला तोच आखला. आता पेणच्या एसटीतले प्रवासी त्याला बघून हात जोडतात, आणि गेल्या वर्षी कोणी तरी त्याच्यापुढे एकवीस मोदक ठेवून गेले. इनासला गणपती करणाऱ्या गावाने मला काय केले याची तक्रार कोणाकडे करणार?

पुतळ्याखाली फरशी आहे: "येथे इनास यांनी अविस्मरणीय गोल केला." अविस्मरणीय खरा, कारण प्रत्येकाला वेगळा आठवतो. आमच्या संघातला सखा म्हणतो डोक्याने केला. हौसा त्या दिवशी मैदानाकडे पाठ करून उकडलेली रताळी विकत होती, ती सांगते की जाळेच फाटले. ते जाळे संध्याकाळी कोळी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्यात मासे धरले. पण हौसाला विचारायला माणसे रोह्याहून येतात, मला विचारायला शेजारीही येत नाही.

४. मंडळाच्या खोलीतला इनासबरोबरचा संघाचा फोटो ही माझी मालमत्ता नाही, पण त्यात माझा काही भाग आहे. फ्रेममध्ये बसेना म्हणून पोपटने तो एका बाजूने कापला. त्या बाजूला मी होतो. नीट बघितले तर सखाच्या खांद्यावर फडके बांधलेला एक पंजा राहिला आहे. तो पंजा शकूच्या नावाने करतो.

५. बँकेत जे असेल ते शकूला. माझी बायको पुतळी हिची बोरमाळही तिलाच. पुतळीबद्दल इथे लिहिणे भाग आहे. ती जनूची बहीण. लग्नाला वर्ष होत होते तेव्हा ही गोष्ट घडली आणि त्यानंतर आम्ही एका घरात चाळीस वर्षे काढली. ती म्हणायची, "माझा भाव खोटं नाय बोलायचा. एवरं मनाला लावू नका. पावना व्हता तो." मी म्हणायचो, तुझ्या भावाने मला खोटा पाडला. मग ती भात वाढायची आणि मी जेवायचो. ती चांगली बाई होती आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. दोन्ही खरे आहे.

तिच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. उन्हे चढली. रीतीप्रमाणे सगळ्यांनी पिंडापुढे कबुल्या दिल्या. जगन म्हणाला, दारू सोडीन. शकू म्हणाली, बाबांना बघीन. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते. तेव्हा जनू माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "कान्हू, तिचा जीव आपल्या दोघांच्या भांडनात आडकलाय. बोल ना एकदा, गोल झाला व्हता म्हनून. तिच्यासाठी बोल." सगळ्या बायका रडायला लागल्या. मी बोललो नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. जिवंतपणी जे तिला सांगितले नाही ते तिच्या भाताच्या गोळ्याला कशाला सांगू?

६. आता मैदान. माझ्या दहाव्याला जनूने घाटावर यावे, आणि पिंड मांडल्यावर सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणावे: "कान्हू, चेंडू तू धरलास. गोल झाला नव्हता." जनू म्हणाला, तर मैदान कायमचे क्रीडा मंडळाला; त्यावर पोरांनी खेळावे आणि पुतळाही राहू द्यावा, मोदकांसकट. मग कावळा शिवो न शिवो.

जनू म्हणाला नाही, तर मैदान शकूला, आणि तिने त्याच आठवड्यात ते नांगरून घ्यावे. नांगराचा पहिला तास पुतळ्याकडच्या गोलाच्या रेषेवरून घालावा. पुतळा पोपटच्या दारात नेऊन ठेवावा.

जनूलाच का, हे त्याला माहीत आहे. निशाण त्याच्या हातात होते. शिवाय त्या दिवसापासून आजवर दर शनिवारी मैदानावर रेषा मारतो तो जनूच. त्याला मूलबाळ नाही, त्याचे जे काही आहे ते ते मैदान आहे. संध्याकाळी पोरे खेळून गेली की तो एकटा चालत रेषा बघतो. मला घरातून दिसते. म्हणूनच हे कलम मी असे घातले आहे. तो मनापासून म्हणाला पाहिजे असेही नाही, खोटे म्हणाला तरी मला चालेल. इतकी वर्षे सगळे गाव माझ्याविरुद्ध खोटे बोलले, एकाने एक दिवस माझ्या बाजूने बोलावे.

जनूच्याच हातून साक्षीची सही घेत आहे. त्याला सही करण्यापूर्वी सगळा मजकूर डॉक्टरांनी वाचून दाखवला आहे.

हे मृत्युपत्र मी समजून उमजून केले आहे. ते मी मेल्यावर अमलात यावे, आधी कोणी घाई करू नये.

मृत्युपत्र करणार: कान्हू गोमा मोकल (सही)

साक्षीदार पहिला: कान्हूने माझ्यासमोर सही केली, तो शुद्धीत आहे. मला अजून लिवायचं हाय, डॉक्टर लिवा बोलले म्हनून लिवतो. मी त्या दिवशी रेषेकडं बघत नव्हतो. मी इनासच्या पायाकडं बघत होतो. सगळेच इनासकडं बघत होते. आरडाओरडा झाला म्हनून निशान वर केलं. चेंडू आत होता का भायेर, मला म्हायती नाय, कधीच म्हायती नव्हतं. कान्हू बोलतो, खोटं म्हनलास तरी चालंल. पुतळीच्या पिंडापुढं तो एक खोटा शब्द बोलला नाय. मी पन त्याच्या पिंडापुढं बोलनार नाय. दहाव्याला येईन. गप उभा राहीन. — जनू (सही)

जनूचा मजकूर मी वाचला. कलम ६ बदलायचे नाही. शकूने बैलांच्या नादी लागू नये, ट्रॅक्टर सांगावा. — कान्हू गोमा मोकल (सही)

साक्षीदार दुसरा: वरील तिन्ही सह्या व मजकूर माझ्यासमोर झाले. — डॉ. मोरेश्वर गावंड, पेण (सही)

स्थळ: जोहे, मैदानासमोरील घराची पडवी
दिनांक: ४ डिसेंबर २०२१, शनिवार. जनू इथून उठून रेषा मारायला गेला.