जाळीच्या फडताळातला सर्व्हर

३ फेब्रुवारी, सोमवार
आलं ते: मदरबोर्ड (दोन प्रोसेसरचा, एका बुडालेल्या ऑफिसातला) ५,८००. प्रोसेसर दोन ३,०००. मेमरीच्या पट्ट्या आठ ५,६००. पॉवर सप्लाय २,४००. पंखे दोन १,३००. रिक्षा ९०. एकूण १८,१९०.
दुकानदार अशा तयार मशीनचे दीड लाख सांगतो. दीड लाख! लाज नाही.
निधीला कॉलेजचा शेवटचा कार्टून सिनेमा २८ तारखेला द्यायचाय. घरचं मशीन एकेका चित्राला वीस मिनिटं घेतं. धाकट्या जाऊबाईंचा, कुंदाचा, लगेच तिला फोन: आमच्या देवव्रतचं मोठं मशीन रिकामंच आहे, ये गं मुलुंडला. मागे चार दिवसांसाठी गेली ती अकराव्या दिवशी आली, आणि आल्यावर माझ्या आमटीत मीठ कमी निघालं. आता नाही. सर्व्हर घाटकोपरलाच होईल.
निश्चय: कुंदाला फोन करायचा नाही. तिचा घ्यायचाही नाही.

४ फेब्रुवारी
सामान दिलं तो साकीनाक्याचा रतन. जोडून द्यायचे दोन हजार मागतो. मी म्हटलं, मिक्सर, इस्त्री, गीझर सगळं मीच उघडते. म्हणे, मावशी, हा मिक्सर नाही. बहुतेक दहावी नापास. मी पास आहे, चोपन्न टक्के, पहिल्या फटक्यात.
कॅबिनेट घेतलं नाही. सासूबाईंचं दुधाचं जाळीचं फडताळ माळ्यावर होतं. हवा खेळती, मांजर शिरत नाही. ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, मांजर कॉम्प्युटर खातं का? ह्यांना अजून घड्याळाचा सेल बदलता येत नाही. 

८ फेब्रुवारी, शनिवार
व्हिडिओ सतरा वेळा थांबवून दोन्ही प्रोसेसर बसवले. व्हिडिओतला म्हणतो, प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये पेस्ट लावा, नाहीतर तापेल. रतनकडे साडेचारशेची नळी. नळी केवढी, तर करंगळीएवढी. लुटारू.
पेस्टचं काम काय? थंडावा. देवघरात चंदनाचं खोड असताना? सहाणेवर दाट उगाळून दोन्हीवर सारखं लावलं. निधीला सांगितलं नाही. हल्लीच्या मुलांना पॅकिंग नसलं की विश्वास बसत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघी पौर्णिमा
स. ९.४०. नारळ फोडून चालू केलं. पंखे असे सुटले की शेजारच्या पद्मजाने दार वाजवलं, गिरणी टाकलीस काय गं? जळते मेली. पडद्यावर दोन्ही प्रोसेसर दिसले! घरभर चंदनाचा वास. निधीने मिठी मारली, आई, तू खतरनाक आहेस. तिच्याकडून लगेच मुलुंडला मेसेज करवला: येत नाही.
९.५२. बंद.
१०.१५. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दृष्ट पद्मजाचीच. चालू.
१०.२६. बंद.
दु. ४. पाच मिनिटं चाललं. नव्या जागी रुळायला वेळ लागतोच.

१३ फेब्रुवारी
गंध सुकून पापुद्रे निघाले होते. निधी कॉलेजला गेल्यावर प्रोसेसर काढले, ओल्या फडक्याने पुसले. ते बसतात त्या खाचाही आतून घासून लख्ख केल्या. ताजं गंध लावलं. आता बिघडायला काही उरलंच नाही.
चालू होत नाही. मशीनलाही विश्रांती लागत असेल.

१४ फेब्रुवारी
निधीने रतनला बोलावलं. पंखा काढला, बोट लावून वास घेतला. मावशी, हे काय? म्हटलं, गंध. तो खाली फरशीवर बसून हसला. मग बॅटरी लावून खाचेत पाहिलं आणि हसायचा थांबला. फडक्यात अडकून पिना वाकल्यात, म्हणे. दोन्हीकडच्या. बोर्ड गेला. दुसरा मिळायला महिना. कसला भिकार माल विकतो, स्वच्छतासुद्धा सोसत नाही!
चित्रं झाली एकूण तीन. निधी माझ्यावर ओरडली नाही. तिने मुलुंडला फोन लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार, संकष्टी
निधी गेली. बॅगेत उन्हाळ्याचे कपडेही दिसले. 
फडताळात ह्यांनी कांदे-बटाटे भरले. हवा खेळती आहे, म्हणाले.
फोन न करण्याचा निश्चय कायम. पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं. कच्चा मजकूर:
सौ. कुंदास अनेक आशीर्वाद. तुमचं मशीन चांगलं असेलच. निधीला आमटीत गूळ लागतो, ती सांगायची नाही. इथे मोदक पाच उरलेत. चित्रं किती झाली, आणि २८ नंतर ती कुठल्या तारखेला घरी येणार म्हणते, एवढं उलट टपाली कळवावे.