कार्ड क्रमांक एकतीसची दुरुस्ती

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक आणि आमच्या लोककथा वाचनालयाचा गेल्या छत्तीस वर्षांचा बिनपगारी व्यवस्थापक, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य वकिलांनी घालायला लावले. ते लिहिताना हात अडखळला, त्याचे कारण कलम चारमध्ये आहे.

एक. वाचनालयाच्या वरच्या माझ्या दोन खोल्या पुतणीला द्याव्यात. अट एकच. गोष्टी सांगण्याच्या गुरुवारच्या बैठकीला येणाऱ्या वयस्कर मंडळींना वरचा संडास वापरू द्यावा, कारण खालच्याची कडी लागत नाही आणि ती दुरुस्त करतो म्हणून मी नऊ वर्षे सगळ्यांना झुलवले आहे.

दोन. माझी लोखंडी शिडी धाकट्या भावाला देतो. ती सतरा वर्षे त्याच्याकडेच आहे. निदान आता तरी ती त्याची स्वतःची होईल आणि मला पाहून रस्ता बदलायचे त्याला कारण उरणार नाही.

तीन. भिंग आणि लाल पेनांचा डबा नव्या ग्रंथपाल बाईंना द्यावा. पेने पुस्तकांसाठी वापरावीत. गोष्टींच्या कार्डांना मात्र लाल पेन लावू नये. आपल्याकडे कार्डाची रीत अशी आहे: सांगणाऱ्याने सांगायचे, आपण उतरवायचे, उतरवलेले त्याला पुन्हा वाचून दाखवायचे, आणि तो "हो, अस्संच" म्हणाला तरच त्याची सही घ्यायची. ही रीत मीच घालून दिली आणि मीच मोडली.

चार. ज्यासाठी हा कागद काढला, ते आता लिहितो.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी, शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करणाऱ्या बाईंनी दार नसलेल्या घराची गोष्ट सांगितली. सव्वा तास सांगितली. ती त्यांना आजीकडून मिळाली होती आणि ती गोष्ट येणारे दुसरे कोणी उरले नव्हते. माझे जेवण नुकतेच झाले होते. समोर टेपरेकॉर्डर आहे, मग लिहायचे कशाला, म्हणून मी वही मिटली आणि डुलक्या काढल्या. वर येऊन पाहतो तर टेप कोरी. बटण मी दाबलेच नव्हते.

बाई तीन गल्ल्या पलीकडे राहतात. जाऊन "पुन्हा सांगता का?" एवढेच विचारायचे होते. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून मिरवलेल्या माणसाला ते जमले नाही. सुरुवात तेवढी आठवत होती. पुढचे सगळे मी दोन दिवसांत मनाने रचले: पक्षी येतो, गातो आणि भिंतीत दार उघडते. कार्ड घेऊन दुकानात गेलो आणि "वाचून दाखवू का?" असे अशा आवाजात विचारले की समोरच्याने नकोच म्हणावे. बाईंनी सुई बाजूला ठेवली. "भाऊ, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी सही केली.

एकतीस गोष्टींचे पुस्तक निघाले. लोकांना शेवटचीच सर्वात आवडली. शाळेतली मुले ती पाठ म्हणू लागली. मला तेव्हा मनातून गुदगुल्या झाल्या, हेही लपवत नाही.

सहा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या वर्धापनदिनी बाईंना तीच गोष्ट सांगायला मंचावर बोलावले. त्यांनी सुरुवात केली. घर आले, दार नव्हते, मग कोणी आंधळा गवंडी आला. पुढच्या रांगेतली मुले ओरडली, "आजी, गवंडी नाही, पक्षी येतो!" बाई थांबल्या. "कसला पक्षी रे?" म्हणाल्या. हॉल हसला. बाईंनी माझ्याकडे पाहिले. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "वयोमानाने विसरल्या असतील. बाईंसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या झाल्या.

पुढच्या महिन्यात त्यांची सून पुस्तक न्यायला आली. "सासूबाईंना गॅसला हात लावू देत नाही आता. तुम्ही पाहिलंतच ना त्या दिवशी. स्वतःचीच गोष्ट पाठ करायला बसल्यात बिचाऱ्या." मी पुस्तक दिले आणि परतीच्या तारखेचा शिक्का मारला. बाईंचे दुकान सुटले. गुरुवार सुटले. मी गुन्हेगार आहे आणि सहा वर्षे सभ्य माणूस म्हणून वावरलो आहे.

पाच. कार्ड क्रमांक एकतीसवर "सांगणारी" या रकान्यातले बाईंचे नाव खोडून तिथे माझे लिहावे, आणि बाजूला "खोटे" असा शेरा द्यावा. त्यामागे बाईंच्या नावाचे एक कोरे कार्ड लावावे. ते कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, भरू नये.

सहा. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की कलम चार माझ्या मृत्यूनंतर बैठकीत वाचावे. खर्डा तपासताना माझीच मला शरम वाटली. बाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आहेत. मेल्यावर खरे बोलणे म्हणजे पुन्हा पळच काढणे. म्हणून शनिवारी त्यांच्या घरी गेलो आणि सून समोर असताना वरचे सगळे वाचून दाखवले.

"म्हणजे मी विसरले नव्हते?" बाईंनी विचारले.

"नाही."

"आणि पक्षी नव्हताच?"

"नव्हता."

"सहा वर्षं रोज सकाळी उठून मी तो पक्षी घोकतेय, भाऊ."

मी म्हणालो, खरी गोष्ट आता सांगा, वही आणली आहे. त्यांनी सुरुवात केली. घर आले, गवंडी आला आणि त्याच्या मागोमाग पक्षी आला. त्यांनी तीनदा पहिल्यापासून सांगून पाहिले आणि तिन्ही वेळा पक्षी आला. "गेली माझ्या आजीची गोष्ट," त्या म्हणाल्या. मी रडलो. त्यांनी मला गप्प केले नाही, आणि ते योग्यच झाले.

सात. वाचनालयातली खिडकीजवळची माझी खुर्ची बाईंना देण्याचे कलम इथे होते. ते रद्द. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसू नये, असे वकील म्हणतात. खुर्ची घेतलीत तर साक्षीला बसता येणार नाही, असे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "साक्षीदाराने काय लिहून द्यायचं असतं?"

"लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, असं."

बाईंनी सुनेकडे पाहिले. सून खाली बघत होती. "खुर्च्या आहेत घरात," बाई म्हणाल्या. "तो कागद आणा इकडे."

स्थळ: वाचनालय, लांब टेबल.
दिनांक: चौदा, सोमवार, सुट्टीचा दिवस.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: तपासले. प्रकृती अशक्त, शुद्ध पूर्ण. (सही)

साक्षीदार दुसऱ्या, काजे-बटणवाल्या बाई: या वेळी सगळं वाचून घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत. भाऊंचं डोकं ठिकाणावर आहे. माझं तेव्हाही होतं. (सही)