कॉटची उजवी बाजू

खोपट, ठाणे
२४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. शालनआत्यास,
संचिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन कानाला लावला की नुसती शिट्टी ऐकू येते म्हणतेस आणि मोबाइलवरचे मेसेज वाचायचे नाहीत हा तुझा हट्ट. त्यामुळे पोस्टाची तिकिटं शोधत फिरणारी ठाण्यात मी एकटीच उरले आहे. खिडकीवरच्या काकांनी परवा विचारलं, सरकारी नोकरीचा अर्ज आहे का. आत्याला पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी तिकीट स्वतःच चिकटवून दिलं.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण सांगत नाही.

डॉक्टरीचा अभ्यास कसा चाललाय, असं तू विचारलंस. खरं सांगू का, मी फार थकले आहे. सोमवार ते शनिवार कॉलेज आणि रविवारी नौपाड्यातल्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये सकाळची ड्यूटी. वर्गातली मुलं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणतात आणि त्यांचं एकदा वाचून पाठ होतं. माझं तीनदा वाचूनही राहत नाही. बीएस्सी नर्सिंग केलं, स्टाफ नर्स म्हणून काम केलं आणि मग नीटची परीक्षा दिली, तेव्हा वाटलं होतं की अर्धं तर आपल्याला येतंच. तेच अर्धं आता आडवं येतंय.

वॉर्डात गेले की माझे पाय आपोआप पेशंटच्या डाव्या बाजूला जातात. डॉक्टर उजवीकडून तपासणार, म्हणून आपण ट्रे घेऊन डावीकडे, हे तूच मला शिकवलेलं. आता तपासायचं मला असतं आणि मी मात्र पलीकडे उभी. सरांनी काही दाखवायला हात पुढे केला तर मी त्या हातात टॉर्च ठेवते. परवा सर म्हणाले की इकडे या, तुम्ही आता स्टाफ नाही. सगळे हसले. मीही हसले आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणखी एक. जुन्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन आला होता. आयसीयूत नर्सची कायमची जागा आहे, परत यायचं असेल तर दसऱ्यापर्यंत कळव म्हणाल्या. आईला बोलले नाही. तुला सांगते आहे, कारण मेडिकलला नंबर लागला तेव्हा पेढा हातात घेऊन तू फक्त बरं झालं म्हणालीस आणि आत गेलीस. तो पेढा तू खाल्लास का, हे मला अजून माहीत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचा आग्रह नाही.

तुझी,
संचिता

डोंबिवली (पूर्व)
३ सप्टेंबर २०२५

चि. संचितास,
शालनआत्याचे अ. उ. आ.

काल गौरी गेल्या. घर एकदम रिकामं वाटतंय. पुरणाच्या पोळ्या उरल्या आहेत आणि खाणारी मी एकटी.

सरांच्या हातात टॉर्च ठेवलीस हे वाचून खूप हसले. निवृत्तीनंतर बँकेतल्या साहेबांनी सहीचा कागद घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी पर्समध्ये कात्री शोधत होते. ही सवय एवढ्यात सुटायची नाही.

पेढा मी खाल्ला नाही. शेजारच्या वल्लरीला दिला. विचारलंसच म्हणून लिहिते, मला वाईट वाटलं होतं. माझी सगळी नोकरी सिस्टर म्हणून झाली. तू नर्सिंगला गेलीस तेव्हा कोणीतरी आपल्या मागून येतंय असं वाटलं. माझ्याच कॉटवर तू बेड करायला शिकलीस, मला कुशीवर वळवून खालची चादर बदलायला शिकलीस. कॉटची उजवी बाजू भिंतीला, म्हणून सगळं डावीकडूनच. आणि मग तू निघालीस. आमचं काम तुला पुरलं नाही का, असं मनात आलं. तेव्हा विचारलं नाही, आता विचारते. का गेलीस?

मेट्रनबाईंकडे परत गेलीस तर मला आनंदच होईल, खोटं कशाला बोलू. पण केवळ दमलीस म्हणून जाऊ नकोस. दमणं तिथेही आहे, हे तुला मी सांगायला नको.

आईच्या गुडघ्यांना शेक दे. जेवत जा.

माझी माया नेहमीचीच, फक्त शब्दांत कमी येते.

तुझी,
शालनआत्या

खोपट, ठाणे
२० सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचं काम चालू आहे, त्यामुळे बस लांबून वळवतात आणि घरी यायला उशीर होतो. पत्र लिहायलाही त्यामुळेच उशीर झाला, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे लिहावंसंच वाटत नव्हतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. वॉर्डात पेशंटचं काहीतरी बिघडतंय हे मला कळायचं. पण का बिघडतंय ते कळायचं नाही आणि विचारलं तर सांगायला कोणाला सवड नसायची. तो प्रश्न घेऊन मी घरी यायचे, जेवताना तोच डोक्यात. तुझं काम कमी वाटलं म्हणून मी गेले नाही गं. त्याच्या पुढचं कळावं म्हणून गेले.

आता परीक्षेचं. वॉर्डातली पोस्टिंग संपली की तिथेच परीक्षा असते. एक पेशंट देतात, त्याला तपासायचं आणि सरांना सांगायचं. मला तुळसाबाई नावाच्या एक आजी मिळाल्या होत्या. त्यांचं पोट तपासायचं होतं. मी गेले तर डाव्या हाताला लावलेलं सलाईन शिरेबाहेर चाललेलं आणि हात सुजलेला. मी सलाईन बंद केलं, हात उशीवर उंच ठेवला, सिस्टरना बोलावून आणलं. आजी माझा हात सोडेनात, मग तिथेच डावीकडे उभी राहून त्यांचं पोट तपासत राहिले. सर आले तेव्हा मी चुकीच्या बाजूला होते आणि अर्धं तपासायचं बाकी होतं. ते म्हणाले की तुम्ही परीक्षेला आला आहात की ड्यूटीला. परीक्षा पुन्हा द्यायची आहे.

आत्या, मला आता नको झालंय. मी मेट्रनबाईंना हो कळवणार आहे. आईला सांगायचं धाडस नाही, ती लोकांना अजून अभिमानाने सांगत असते. तू तिला सांगशील का? तुझं ती ऐकेल.

लोभ आटला नसेल असं धरून चालते.

तुझी,
संचिता

डोंबिवली (पूर्व)
२३ सप्टेंबर २०२५

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. सांगायचं असेल ते तू सांग.

सुजलेला हात बघून सलाईन बंद केलंस ते बरोबर केलंस, त्याबद्दल मी कोणाचं ऐकून घेणार नाही. पण त्यानंतर आजींना सांगून, पलंगाला वळसा घालून पलीकडे जायचं होतं. तेवढं केलं नाहीस. सर त्या बाबतीत बरोबर बोलले.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढचं कळावं म्हणून गेलीस, हे मला आधी कळलं असतं तर पेढा खाल्ला असता. तू परत आलीस तर मला बरं वाटेल. पण तो प्रश्न घेऊन तू पुन्हा घरी येशील, जेवताना गप्प बसशील, आणि मी आनंदात राहीन. तसला आनंद मला नको.

म्हणून काल एक उद्योग केला. वल्लरी आणि तिच्या नवऱ्याला बोलावून कॉट भिंतीपासून ओढून घेतली. ती दोघं विचारत होती की मावशी, ढेकूण झालेत का. कपाट सरकवावं लागलं. आता बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं आणि तुळशीला पाणी घालायला मला तिरकं होऊन जावं लागतं. पण उजवी बाजू मोकळी झाली आहे. नर्सिंग तू माझ्यावर शिकलीस, आता हेही शीक. रविवारी ड्यूटी सुटली की ये. पोटात काही सापडणार नाही, पोळ्यांशिवाय. मेट्रनबाईंना काय ते त्यानंतर कळव.

स्टेथोस्कोप आठवणीने आण. माया इथे तयार आहे.

तुझी,
शालनआत्या

खोपट, ठाणे
८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मेट्रनबाईंना दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाही म्हणून कळवलं. त्या रागावल्या नाहीत. थकवा आहे तेवढाच आहे, रविवारची ड्यूटीही आहेच. आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मला वरणभात वाढला.

त्या रविवारी तुझ्याकडे आले तर एवढी खटपट करून मोकळी केलेली बाजू सोडून मी सरळ डावीकडेच जाऊन उभी राहिले, हे तू बघितलंस. तशीच डोळे मिटून पडून राहिलीस, मी वळसा घालून येईपर्यंत. मला तेव्हा फार भरून आलं, म्हणून इतका वेळ तुझ्या पोटावर हात ठेवून होते. तपासत नव्हते.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काल वॉर्डात एका आजींनी मला सिस्टर म्हणून हाक मारली. मी ओ दिली आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले.

कॉट एवढ्यात परत सरकवू नकोस.

तुझी,
संचिता